सिमेंटचा रस्ता आणि तीस वर्षांची सुट्टी

मुंबईत प्रभादेवीला कुठेही रस्ता खोदायला घेतला की बसस्टॉपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एकच वाक्य फिरतं : ‘डांबर पावसात वाहूनच जाणार. एकदाचा सिमेंटचा करा, तीस वर्षं बघायला नको.’

तीसचा आकडा खोटा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी:५८’मध्ये काँक्रीट रस्त्याचं आयुष्य ३० वर्षं धरलेलं आहे. पण त्याच संस्थेच्या ‘आयआरसी:३७’मध्ये (२०१८) शहरी डांबरी रस्त्यालाही २० वर्षं दिली आहेत, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. वरचा थर मधूनमधून नवा करावा लागतो, एवढंच. पुण्याचा जंगली महाराज रस्ता ‘रेकॉन्डो’ कंपनीने १९७६ साली १० वर्षांच्या हमीवर केला, तोही डांबरीच. हमी संपून कित्येक वर्षं झाली तरी तिथे खड्डा शोधावा लागे. पुण्यात पाऊस कमी, हे मान्य. पण डांबराला मारतो तो पाऊस नव्हे, साचलेलं पाणी. ते भेगांत शिरतं, वरून चाकांचा दाब येतो आणि खडीवरचं डांबर सुटतं.

आणि काँक्रीटला हे पाणी सोडतं का? सांध्यांतलं सीलंट निघालं की तिथूनच ते आत जातं, खालचा भराव धुऊन नेतं, स्लॅबची कड हलायला लागते आणि एक दिवस तडा. म्हणजे ‘बघायला नको’ कसलं, सांधे दर काही वर्षांनी भरावेच लागतात. त्यात आपल्याला घाई. ‘वाळलाय की, सोडा गाड्या!’ अहो, काँक्रीट वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. म्हणून तर किमान १४ दिवस त्यावर ओली गोणपाटं ठेवायची असतात.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे नंतरचं खोदकाम. केबलसाठी स्लॅब एकदा कापला की वर मारलेलं ठिगळ मूळ स्लॅबशी एकजीव होत नाही. तेव्हा सिमेंट की डांबर हे नंतर विचारा. आधी विचारा, केबल आणि पाइपांसाठी डक्ट टाकले का?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नव्या काँक्रीटवरच्या आडव्या बारीक रेघा म्हणजे ढिसाळ काम नव्हे, त्या टायरच्या पकडीसाठी मुद्दाम ओढतात. ठरावीक अंतरावरचे सरळ काप म्हणजे तडे नव्हेत. तडा गेलाच तर तिथेच जावा म्हणून ते करवतीने पाडलेले असतात. काँक्रीटमुळे पाणी तुंबतं म्हणावं, तर चांगला दाबलेला डांबरी रस्ता तरी कुठे पाणी जिरवतो? उतार आणि गटारं बघा. पेव्हर ब्लॉक फुटपाथवर ठीक. बसच्या रस्त्यावर खालची वाळू सरकली की ते डुगडुगायला लागतात.