मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

पिकणं म्हणजे काय, हे निफाड-दिंडोरीच्या माणसाला सांगावं लागत नाही. द्राक्षाच्या मण्यात गोडी उतरल्याशिवाय तो घडाला कात्री लावत नाही. घरातल्या थकल्या डोळ्यालाही तोच नियम लावला जातो : ‘अजून पिकला नाही, पिकला की काढू.’

एके काळी या सल्ल्यात तथ्य होतं. मोठा छेद, टाके, कित्येक दिवस उताणं पडून राहणं आणि पुढे जन्मभर जाड भिंगांचा चष्मा. एवढं सोसायचं तर नजर पुरती गेल्यावरच, असा तो हिशेब होता. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची, म्हणजे ‘फेको’ची, पद्धत आणली. जुना हिशेब तिथेच संपला. महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी जे. जे. रुग्णालयापासून आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांपर्यंत ही दृष्टी पोचवली.

आज टेबलावर काय होतं? थेंबांनी डोळा बधिर करतात. सुमारे अडीच मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून काढतात आणि त्याच्याच पारदर्शक पिशवीत घडी घातलेलं नवं भिंग सोडतात. ते आत हळूहळू उलगडतं. रुग्णाला उजेड दिसतो, यंत्राचा आवाज ऐकू येतो. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, टाका लागत नाही.

फार पिकलेला मोतीबिंदू मात्र दगडासारखा कडक होतो. तो फोडताना बुबुळाला इजा होऊ शकते; कधी फुगून डोळ्याचा दाबही वाढवतो. अशा वेळी सहा-सात मिलिमीटरच्या छेदाची बिनटाक्याची पद्धत उपयोगी पडते.

आधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. प्रोस्टेटच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. साध्या भिंगाने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. महागडं भिंग प्रत्येकालाच हवं असं नाही. मधुमेहाने पडदा किंवा काचबिंदूने नस बिघडली असेल, तर नजर त्या मानानेच परत येते. हे आधीच विचारून घ्यावं.

नंतर महिनाभर वेळेवर थेंब घालायचे. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. थोडं खुपणं साहजिक आहे. पण दुखणं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काही वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं, तर भिंगामागचा त्या पिशवीचा पडदा लेझरने काही मिनिटांत साफ होतो.

शासकीय रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते. तरी सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून तिथवर पोचायला सोबत माणूस लागतो. या दिवाळीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगा. अक्षर लागत नसेल, तर भाऊबीज झाली की त्यांना तपासणीला घेऊन जा.