शब्दाचा अर्थ, दिवसांचा हिशेब

जयपूरच्या जवाहर नगरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या दारी धनादेश न वटल्याची कायदेशीर नोटीस येते, तेव्हा पैशांच्या आधी शब्दांची अडचण उभी राहते. वकिलाची नोटीस बहुधा इंग्रजीत, तेथील कनिष्ठ न्यायालयांचे कामकाज हिंदीत आणि घरातील विचार मराठीत! हिंदीतील ‘परिवादी’ म्हणजे आपला तक्रारदार, ‘अभियुक्त’ म्हणजे आरोपी आणि ‘जमानत’ म्हणजे जामीन, हे उमगेपर्यंत घराची झोप उडालेली असते.

महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असली, तरी इंग्रजी संज्ञा सुटत नाहीत. ‘समन्स’ म्हणजे न्यायालयात हजर राहण्याचा आदेश. ती अटक नव्हे. मात्र त्याकडे पाठ फिरविल्यास ‘वॉरंट’, म्हणजे अटकेचा आदेश, निघू शकतो. ‘अ‍ॅक्यूज्ड’ हा केवळ आरोपी. दोष सिद्ध झाल्यावरच तो ‘कन्व्हिक्ट’ ठरतो. ‘बेलेबल’ गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि धनादेश न वटण्याचा गुन्हा याच प्रकारात मोडतो.

सर्वांत गमतीचा शब्द ‘कंपाउंड’. बँकेत तो चक्रवाढीने कर्ज वाढवितो, तर न्यायालयात तोच वाद मिटवितो. कारण ‘कंपाउंडेबल’ म्हणजे तडजोडयोग्य. धनादेशाचा खटला असा तडजोडीने मिटविता येतो.

शब्द कळला, की दिवस मोजणे आले. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १३८ नुसार, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केल्यास गुन्हा घडतच नाही. ती न दिल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने आलेली नोटीस नाकारून काहीच साधत नाही. ती मिळाल्याचे सामान्यतः गृहीत धरले जाते.

म्हणून लिफाफा हाती येताच त्यावर तारीख लिहावी, अनोळखी शब्दाचा अर्थ वकिलाला विचारावा. मोफत विधी साहाय्याची माहिती १५१०० या क्रमांकावर मिळते. अर्थ विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता पंधरावा दिवस उलटू देणे मात्र महाग पडते.