काळ्या दगडाची शाळा

‘पर्माकल्चर’ हा शब्द अलीकडे आपल्याकडेही पुष्कळांच्या तोंडी आला आहे. ‘चिरस्थायी शेती’ अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचा सांधा जुळवून बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी तो ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर घडविला. त्यांचे पहिले पुस्तक १९७८ साली निघाले. जमिनीच्या कलाने घ्यावे, पाणी अडवावे, हाताशी असेल त्याच दगडमातीचे घर बांधावे, ही त्याची शिकवण. शब्द नवा खरा. पण विद्या नवी आहे काय? याचे उत्तर टास्मानियासमोरच्या व्हिक्टोरिया राज्यात मिळते.

तेथे बज बिम नावाचा जुना ज्वालामुखी आहे. हा गुंडिजमारा या मूळ रहिवाशांचा मुलूख. सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वी त्यातून लाव्हा वाहिला. त्याने ओढ्यांच्या वाटा अडल्या आणि पाणथळ जागा निर्माण झाल्या. त्याचा थिजलेला दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्याच जातीचा. तो रचून व कातळ फोडून या लोकांनी चर काढले, बांध घातले, तळी राखली. त्यांतील एक चर निदान ६,६०० वर्षांचा असल्याचे संशोधकांनी ठरविले आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? वाम माशासाठी. हा मासा वाढतो गोड्या पाण्यात. पण वीण घालण्यास दूरच्या समुद्रात जातो, आणि त्याची पिले पुन्हा नद्यांत येतात. पाणी चढले की मासे चरांवाटे तळ्यांत शिरत. बांधाच्या फटीशी विणलेली लांबट टोपली लावली की मोठा मासा अडके, लहान निसटून जाई. धरलेले मासे धुरी देऊन टिकवीत. मासा मिळे, पण माशाचे बीज बुडत नसे. पाण्याला धाक न दाखवता त्याला नुसते वळण देणे, हे सारे शास्त्र एवढ्यात आले.

घरेही याच दगडाची. चुना नाही की गिलावा नाही. नुसत्या रचलेल्या बुटक्या गोलसर भिंती, वर लाकडाचा सांगाडा आणि त्यावर साल, गवत, मातीचे आच्छादन. आपल्या वारली घराच्या कारवीच्या कुडालाही हीच जाण आहे. सामान दुरून आणायचे नाही, आणि घर मोडले तर त्याचा कचरा होत नाही.

पुढे गोऱ्या वसाहतवाल्यांनी मुलूख घेतला. मेंढ्यांच्या कुरणांसाठी पाणथळ जागा आटवल्या. कॉन्डा सरोवरही चर काढून सुकविले. चर सुटले, मासा सुटला आणि ती विद्या ज्यांची, त्यांचीच जमीन गेली. या लोकांनी मात्र नाद सोडला नाही. १९८७ साली काही जमीन कायद्याने परत मिळाली. २००७ साली न्यायालयाने त्यांचा वारसाहक्क मान्य केला. २०१० साली बांध घालून सरोवरात पुन्हा पाणी भरले. २०१९ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला. त्याच वर्षाअखेरीस लागलेल्या वणव्यात झुडपे जळाली, तेव्हा आजवर न दिसलेले आणखी काही चर उघडे पडले.

आपण यातून काय शिकायचे? चर काढण्याची युक्ती पुस्तकावरून उचलता येईल. परंतु युक्ती वेगळी आणि विद्या वेगळी. पाणी कोणत्या महिन्यात चढते, मासा केव्हा जाऊ द्यायचा, हे ज्यांना ठाऊक, त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेऊन त्यांची युक्ती मात्र घेणे, ही चोरी होय. म्हणून पर्माकल्चर शिकू पाहणाऱ्याने कुदळ हाती घेण्यापूर्वी एवढे विचारावे: या मातीची राखण आजवर कोणी केली, आणि ते आज कोठे आहेत? त्यांच्यापाशी बसावे, त्यांच्या संमतीने शिकावे, आणि त्यांचा हक्क परत मिळावा म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहावे. त्या शाळेची फी एवढीच आहे.