श्रद्धा, शिक्षण, सेवा – लेखांक ६ : केडगावच्या पंडिता रमाबाई

गेल्या आठवड्यात आपण सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये केलेली रुग्णसेवा पाहिली. आज त्याच काळातल्या, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या पंडिता रमाबाईंकडे वळू. आपले वरवे बुद्रुक सातारा रस्त्यावर, तर त्यांचे केडगाव सोलापूरच्या रेल्वेमार्गावर. जिल्हा एक, दिशा वेगळ्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. पुढे त्या माउलीने लेकीला शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायपीट करत रमाबाई कोलकात्याला पोहोचल्या आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे लग्न झाले, पण १८८२ मध्ये वैधव्य आले. कडेवर लहानगी लेक मनोरमा होती. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असे ठासून सांगितले.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी मुली घरी नेल्या. रमाबाईंनी ना श्रद्धा लपवली, ना काम सोडले. १८९६-९७ च्या दुष्काळात तर मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली आणून त्यांनी केडगावात आसरा दिला. तेच ‘मुक्ती’ सदन.

पाळकपदाची दीक्षा त्यांनी घेतली नव्हती, तरी मुक्तीतल्या शेकडो जणींच्या धर्मजीवनाची धुरा त्यांच्याच खांद्यावर होती. त्यांचे वेगळेपण पाहायचे तर तिथल्या छापखान्यात डोकवावे. त्या वेळचे मराठी बायबल खेड्यातल्या बाईला जड जाते, हे ओळखून त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या मराठीत स्वतः भाषांतर केले. दुष्काळातून वाचलेल्या, मुक्तीत अक्षर गिरवलेल्या बायका खिळे जुळवू लागल्या, छपाई करू लागल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. शेती, विणकाम यांचे शिक्षणही तिथे मिळे.

रमाबाईंचे धर्मांतर पटो न पटो, त्यांची सेवेची रीत घेण्यासारखी आहे. भुकेलेल्या बाईला त्यांनी आधी भाकरी दिली, मग अक्षर आणि मग पोट भरण्याचे कसब. या तिन्हीतले एक जरी राहिले, तरी बाई पुन्हा परक्याच्या दारात उभी राहते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

आपल्या भागातल्या बचत गटांना, महिला मंडळांना, भजनी मंडळांना एक विनंती : नुसती मदत वाटून थांबू नका. गावात जिला वाचता येत नाही अशी एक तरी बाई शोधा आणि तिला वाचायला शिकवा.

(पुढील आठवड्यात : लक्ष्मीबाई टिळक)