दोन ठिपके आणि एक ट्रॅक्टर

ज्याने कधी शेत पाहिलंच नाही असा ट्रॅक्टर असतो, हे सांगितलं तर पटेल तुम्हांला? अमेरिकेत असे पुष्कळ ट्रॅक्टर आहेत. तिथल्या बऱ्याच घरांभोवती मोठं गवताचं अंगण असतं. उन्हाळ्यात ते गवत कापायचं आणि हिवाळ्यात वाटेवरचा बर्फ ढकलायचा, हेच त्यांचं मुख्य काम. यांना म्हणतात गार्डन ट्रॅक्टर. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात ‘कब कॅडेट’ नावाचा पिवळा-पांढरा ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. त्याच्या इंजिनाची ताकद फक्त 7 अश्वशक्ती! म्हणजे जवळपास आपल्या स्कूटरएवढीच.

गंमत म्हणजे 60 वर्षांपूर्वीचे हे ट्रॅक्टर अजूनही धावतात. हौशी माणसं ते घरच्या घरी पार खोलतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा जोडतात. फरशीवर मांडलेला तो नट, बोल्ट, वायसर, स्प्रिंगांचा पसारा पाहिला, तर आपण म्हणू, ‘आता याचा ट्रॅक्टर कसला होतोय!’ पण होतो. कसा, ते पाहू.

पहिली अडचण येते खोलतानाच. जुना नट गंजून घट्ट बसलेला असतो. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आट्यांमध्ये ठासून बसतो. मग तिथे पातळ तेल सोडतात आणि थांबतात. अगदी बारीक फटीतही तेल आपोआप आत शिरतं. तरीही नट हलला नाही, तर तेल पुसून नट तापवतात.

इथे एक कोडं. तापलं की लोखंड प्रसरण पावतं. मग नटाचं भोक लहान होईल की मोठं? बरेच जण म्हणतात, लहान. पण नाही, भोकही मोठं होतं! नटाचा प्रत्येक भाग सारख्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे भोकाचा घेरही वाढतो. बोल्ट मात्र तेवढा तापलेला नसतो, म्हणून पकड सैल होते.

आता इंजिन. याला एकच सिलिंडर आणि त्यात वर-खाली सरकणारा एकच दट्ट्या, म्हणजे पिस्टन. दट्ट्या खाली येतो तेव्हा हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढलं जातं. वर जातो तेव्हा ते दाबलं जातं. मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर काढतो. असं चार धावांचं इंजिन जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी 1876 मध्ये चालवून दाखवलं होतं.

चार धावांतली जोर देणारी धाव एकच, बरं का! मग उरलेल्या तीन धावा कोण ओढून नेतं? फ्लायव्हील नावाचं जड चाक. एकदा फिरायला लागलं की ते सहजासहजी थांबत नाही. पूर्ण वेगात हे इंजिन मिनिटाला 3600 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 60. चार धावांना दोन फेरे लागतात, म्हणून सेकंदाला 30 वेळा जोराचा धक्का बसतो.

मिश्रण आत घेणारी आणि धूर सोडणारी अशा दोन झडपा असतात. दोन फेऱ्यांत प्रत्येकीने एकदाच उघडायचं. हा हिशोब ठेवतं कोण? दोन दातेरी चाकं! दट्ट्यामुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरच्या चाकाला जितके दाते, त्याच्या दुप्पट दाते झडपा उघडणाऱ्या चाकाला. त्यामुळे ते बरोबर निम्म्या वेगाने फिरतं. दोन्ही चाकांवर कारखान्यातच एकेक खुणेचा ठिपका केलेला असतो. जोडताना ते दोन ठिपके समोरासमोर आणायचे. एका दात्याची चूक झाली, तरी झडपा भलत्याच वेळी उघडतात आणि इंजिन रुसतं.

हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरची तऱ्हा वेगळीच. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. पेट्रोल जाण्याची भोकं केसासारखी बारीक, ती त्याने बुजतात. ती तारेने टोकरायची नाहीत, कारण भोक रुंदावलं तर पेट्रोल जास्त जातं.

शेवटी सिलिंडरवरचं झाकण बसवायचं. त्याचे बोल्ट एकामागून एक करकचून आवळत नाहीत. आधी सगळे थोडे, मग समोरासमोरचे, असं टप्प्याटप्प्याने आवळतात. नाहीतर झाकण वाकतं आणि फटीतून दाब निसटतो.

एवढं करूनही इंजिन सुरू झालं नाही तर? जाणकार चारच गोष्टी तपासतात : हवा, पेट्रोल, दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी काहीतरी चुकलेलं असतंच.

पेट्रोल आणि आगीची कामं मोठ्यांची. पण खोलण्या-जोडण्याची मजा तुम्हांलाही घेता येईल. घरच्यांना विचारून सायकलची जुनी घंटी घ्या. एकेक भाग काढा, कागदावर ओळीने मांडा, प्रत्येकाला क्रमांक द्या. मग उलट्या क्रमाने जोडत या. वाजली, तर तुम्ही मेकॅनिक! नाही वाजली, तर पुन्हा खोला आणि कुठला भाग चुकला ते शोधा.