शोधनिबंध छापायला देण्याआधी एवढं नक्की पाहा



बढती असो, पीएच.डी. असो, शोधनिबंध लिहायची वेळ आपल्यापैकी अनेकांवर येते. काही पालकांच्या घरी एम.ए. करून संशोधनाकडे वळलेली मुलं असतात. नेमकी तेव्हाच व्हॉट्सॲपवर जाहिरात येते, 'तीन दिवसांत स्वीकृती, आठवड्यात प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र!' पैसे भरले की काम झालं असं वाटतं. पण अशा ठिकाणी छापलेल्या निबंधाला अभ्यासक किंमत देत नाहीत. शिवाय एकदा छापलेला निबंध चांगल्या नियतकालिकाला नवा म्हणून देता येत नाही. म्हणजे पैसे गेले आणि मेहनतही गेली. म्हणून सुरुवातीपासून क्रमाने पाहू.

१. विषय नको, प्रश्न हवा

'ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शिक्षण' हा विषय झाला. तो एका निबंधात मावणार नाही. 'आईवडील तोडणीला गेल्यावर आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांची हजेरी टिकते का?' हा प्रश्न झाला. याचं उत्तर हजेरीपटात आणि मुलाखतींत शोधता येतं. मात्र पालकांची संमती घ्या आणि निबंधात मुलांची नावं बदला.

२. आधीच्या अभ्यासाची नुसती यादी नको

'अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले' अशी पानं भरू नका. या अभ्यासकांचं कुठे जुळतं, कुठे मतभेद आहेत आणि तुमचा प्रश्न कुणी विचारायचा राहिला, ते सांगा. निबंधाची गरज इथेच सिद्ध होते.

३. उसनं घेतलेलं सांगा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. प्रबंधात ते ६० टक्क्यांहून जास्त निघालं, तर नोंदणीच रद्द होते. पण आकडा कमी आला म्हणजे सगळं ठीक, असं नाही. शब्द बदलून दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून मांडली, तरी ती चोरीच.

४. नियतकालिक पारखून घ्या

मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं आयोगाने जाहीर केलं. आता पारखायची जबाबदारी आपली आणि आपल्या संस्थेची. त्यासाठी हे तपासा:

• मागचे दोन-तीन अंक वाचा. एकाच अंकात स्थापत्य अभियांत्रिकी, आयुर्वेद आणि मराठी कविता असेल, तर सावध व्हा.
• संपादक मंडळातल्या प्राध्यापकांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधा. शंका वाटल्यास त्यांनाच विचारा.
• आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे.
• शुल्क घेणारं प्रत्येक नियतकालिक खोटं नसतं. पण निबंध वाचण्याआधीच स्वीकृतीची हमी मिळत असेल, तर तिथे देऊ नका.

चांगल्या लेखनाचा अंदाज येण्यासाठी मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली', मराठीत 'समाज प्रबोधन पत्रिका' आणि 'भाषा आणि जीवन' यांचे अंक चाळा.

५. समीक्षकांचे शेरे आले की

निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तर यायला काही महिने लागू शकतात. सुधारणा सुचवून निबंध परत आला, तर तो नकार समजू नका. प्रत्येक शेऱ्यापुढे आपण काय बदललं ते लिहा. शेरा पटला नसेल, तर का पटला नाही तेही सभ्य शब्दांत लिहा.

हल्ली मुलंही प्रकल्प करतात. 'हे तुला कशावरून कळलं?' हा प्रश्न आपण त्यांना वर्गात विचारतो. निबंध पाठवण्यापूर्वी आपल्या प्रत्येक विधानाला तोच विचारा.