किडीमागून आलेला वैरी

कोइमतूरच्या पपईबागांत २००८ साली पानांच्या पाठी पिंजलेल्या कापसाने भरल्यासारख्या दिसू लागल्या. तो पपईवरचा पिठ्या ढेकूण, मूळचा मेक्सिकोकडचा. १९९० च्या दशकात कॅरिबियन बेटांवर पसरला, १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडला, मग पॅसिफिकमधली बेटं घेत आशियात उतरला. २०१० मध्ये पुण्याच्या आसपासही तो आढळला.

शेतकऱ्यांनी अर्थातच आधी औषधाचं दुकान गाठलं. फवारण्यांवर फवारण्या झाल्या, पण पिठ्याच्या अंगावर मेणाचं आवरण आणि अंडी मेणधाग्यांच्या पिशवीत, मग औषध पोचणार कुठून? त्याने सोडलेल्या गोड चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि त्याच चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. फवाऱ्याने मेले ते त्याला खाणारे ढालकिडे. पपई कशीबशी आवरावी, तर तुती, जास्वंद, बांधावरचं गाजरगवत यांच्यावरून स्वारी परत हजर. गंमत अशी की पपईचं मूळही मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं आणि १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलेलं गाजरगवतही तिकडचंच. पीक आलं, तण आलं, कीड आली. किडीचा वैरी तेवढा मागे राहिला होता.

तो वैरी म्हणजे ॲसेरोफॅगस पपाये ही मिलिमीटरभरही नसलेली माशी. पिठ्याच्या पिल्लात ती अंडं घालते आणि अळी त्याला आतून खाऊन टाकते. अमेरिकी कृषी खात्याच्या मदतीने २०१० मध्ये ती प्वेर्तो रिकोहून बंगळूरूला आली. तिथल्या राष्ट्रीय कृषी उपयोगी कीटक ब्युरोने ती बंदिस्त जागेत तपासली, वाढवली आणि त्याच वर्षी बागांत सोडायला दिली. थोड्याच काळात पिठ्या ओसरला. इतकं स्वस्त आणि टिकाऊ यश आपल्याकडे विरळाच. पण त्याचा गवगवा एखाद्या नव्या कीटकनाशकाइतकाही झाला नाही.

२०१६ मध्ये पोल्लाचीच्या नारळावर नवी चक्राकार पांढरी माशी आली, पुढे कोकणातही पोचली. तिचा वैरी एन्कार्सिया मात्र कुणी न आणताच इथे सापडला. तरीही फवारणीची घाई सुटलेली नाही, आणि फवारणीत एन्कार्सियाही मरते. म्हणून बागायतदारांनो, पंप उचलण्याआधी पान उलटून पाहा. पपईवर पिठ्याची फुगलेली, तपकिरी, ताठ कवचं दिसली तर ॲसेरोफॅगस कामाला लागली आहे, तेव्हा फवारू नका.